एमसीबीची परीक्षा घ्यावी का?

परवा आमच्या शेजारी एक प्रकार घडला. घरात नवा एमसीबी बसवला होता. ‘हा खरंच काम करतो का, बघूया!’ म्हणून कॉलेजात जाणाऱ्या दादाने प्लगच्या दोन वायरी मुद्दाम एकमेकींना जोडल्या आणि बटण दाबलं. फट्! खटका पडला, घरात अंधार. दादाने खटका वर केला आणि दिवे लागले. ‘बघा, काही झालं नाही!’ दादा खूश.

खरंच काही झालं नव्हतं?

एमसीबीच्या पोटात दोन पहारेकरी असतात, बरं का! पहिला म्हणजे दोन धातूंची पट्टी. एका लाइनवर फार उपकरणं लावली की ती तापून वाकते आणि खटका पाडते. दुसरा म्हणजे तारेचं वेटोळं. शॉर्टसर्किट झालं की १६ अँपिअरच्या लाइनमधून एकदम शेकडो अँपिअर वीज धावते. वेटोळ्याचं लोहचुंबक होतं आणि सेकंदाच्या जवळजवळ शंभराव्या भागात खटका पडतो.

पण वीज तुटताना आतल्या दोन टोकांमध्ये मोठी ठिणगी पेटते. तिचं तापमान हजारो अंश! आतल्या धातूच्या पट्ट्या तिचे तुकडे करून तिला विझवतात. तरी दर वेळी टोकांचा थोडा धातू जळतोच. काडी ओढली की काडेपेटीची कड झिजते ना, तसंच! एमसीबीवर चौकटीत ६००० किंवा १०००० असा आकडा असतो. तेवढ्या अँपिअरपर्यंतचं शॉर्टसर्किट तोडायची त्याची ताकद असते. त्या ताकदीची चाचणी प्रयोगशाळेत नमुन्यांवर घेतात आणि तीही बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा.

म्हणजे चुकून एखादं शॉर्टसर्किट झालं तर एमसीबी बिघडलाच असं नाही. तो त्यासाठीच असतो. पण मुद्दाम परीक्षा नको. समजा, तो नापास झाला तर? वायरी पेटतील, हात भाजेल! विद्यार्थी नापास झाला म्हणून शाळाच जळावी, अशी ही परीक्षा.

काही घरांत ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. ते एमसीबीचं नव्हे, विजेची गळती पकडणाऱ्या आरसीसीबीचं. ते आई-बाबांनी अधूनमधून जरूर दाबावं. त्याने शॉर्टसर्किट होत नाही, फक्त थोडीशी गळती मुद्दाम घडवली जाते. खटका पडला नाही तर वायरमनकाकांना बोलवा.

आणि हो, दुसऱ्या दिवशी दादाने तो प्लग उचलला, तर पिना काळ्याकुट्ट! एमसीबीच्या पोटात काय झालं असेल, ते त्याला न सांगताच कळलं.