मधुमेह्याची एकादशी

आषाढ शुद्ध एकादशीस चातुर्मास आरंभतो. कांदेनवमी आटोपली की घरोघर नेमांची बोलणी सुरू होतात. कोणी वांगे वर्ज्य करते, कोणी एकभुक्त राहते, कोणी पिंपळास प्रदक्षिणा घालण्याचा संकल्प सोडते. अशाच श्रद्धाळू घरांतून अलीकडे मधुमेहही कायमच्या मुक्कामास आला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने या व्याधीचे रुग्ण १० कोटींहून अधिक, आणि तिच्या उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटींहून अधिक असल्याचे सांगितले. तेव्हा नेम आणि व्याधी यांनी एका घरात कसे नांदावे, हा प्रश्न आता वैद्यापुरता उरलेला नाही.

आमच्या आत्याबाईंचे उदाहरण सांगतो. वय सत्तरीच्या पुढे, आषाढीचा उपवास निर्जळी. काही वर्षांपूर्वी त्यांनी एकादशीस सकाळी नेहमीची गोळी घेतली, कारण गोळी चुकवू नका असे डॉक्टरांनी बजावले होते. उपवासाचे मात्र त्यांना कळविले नव्हते, आणि त्यांनीही विचारले नव्हते. दुपारी तीनच्या सुमारास अंगास दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. सुनेने साखरपाणी आणले, पण नेम मोडतो म्हणून आत्याबाई तोंड उघडीनात. अखेर काकांनी देवापुढची खडीसाखर कुटून तीर्थात विरघळविली आणि म्हणाले, "विठोबाचा प्रसाद आहे, नाही म्हणू नये." प्रसादास नकार देण्याची त्यांची रीत नव्हती. पंधरा मिनिटांत वाचा ताळ्यावर आली. (त्या शुद्धीवर होत्या म्हणून हे जमले. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही घालू नये. तेथे तातडीने दवाखानाच गाठावा.)

त्या दिवशी दोष श्रद्धेचा नव्हता, अबोल्याचा होता. इन्सुलिन अथवा साखर उतरविणारी काही औषधे घेणाऱ्याने उपाशी राहणे म्हणजे चूल विझलेली असताना आधणाखाली फुंकर घालीत बसणे नव्हे. त्याहून कितीतरी धोक्याचे आहे. औषध आपले काम करीतच राहते आणि रक्तातील साखर खाली खाली जाते. म्हणून एकादशीच्या आधी आठ-दहा दिवस डॉक्टरांस विचारावे. गोळीची मात्रा, तिची वेळ, उपवास करावा की करू नये, हे त्यांनी ठरवावे. रुग्णास, वृद्धास, गर्भिणीस उपवासात सवलत देण्याइतके आपले धर्मशास्त्र समजूतदार आहे. कठोर असतो तो आपला आग्रह.

आता दुसरी बाजू. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच रचलेली नाही. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड चकत्या, वर केळ्याचे शिकरण, असा फराळ झाला म्हणजे साखर ज्या वेगाने चढते त्या वेगाने ती पोळीभाजीनेही चढत नाही. आणि या खिचडीस आपण शास्त्र म्हणतो! साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही सारी मंडळी अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आपल्याकडे आली. जुन्या स्मृतिकारांनी त्यांतले एकही पाहिलेले नव्हते. मग मधुमेह्याच्या पानातून साबुदाणा उठविला तर कोणता धर्म बुडतो? थोडी भगर, सोबत काकडीची कोशिंबीर, वाटीभर ताक, दुधीची भाजी, एवढ्यात एकादशी नीट पार पडते. भगरही पिष्टमयच, म्हणून ती डोंगरासारखी वाढू नये, इतकेच.

वस्तुतः ही व्याधी आपल्या ग्रंथांस अपरिचित नाही. चरकाने प्रमेहाच्या कारणांत बसून राहण्याचे आणि झोपेचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ मोजले आहेत. सुश्रुताचा उपाय तर मोठा मार्मिक आहे. निर्धन रुग्णाने भिक्षान्नावर राहून शंभर योजने चालत जावे, आणि धनवानाने श्यामाक, नीवार अशा हलक्या तृणधान्यांवर आणि आवळा, कवठ यांसारख्या फळांवर राहावे! श्रीमंताच्या ताटात गरिबाचे अन्न वाढणारा हा वैद्य मला फार आवडतो.

आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. ते अंतर पायी तोडणाऱ्या वारकऱ्यास चालण्याचे माहात्म्य आम्ही काय सांगावे? मात्र सुश्रुताचे एक सांगणे आज पाळू नये. त्याने प्रमेह्यास अनवाणी चालावयास सांगितले. पुष्कळ वर्षांच्या मधुमेहात पायांची संवेदना बोथट होते. खडा रुतला, तापलेल्या फरशीने तळवा भाजला तरी कळत नाही, आणि लहानशी जखम पाऊल गमाविण्यापर्यंत जाते. वारीत पायांत मऊ, बंद जोडे असावेत. देवळात चपला काढाव्या लागतात, तेथे उन्हाची प्रदक्षिणा टाळून सकाळी लवकर जावे आणि रात्री दोन्ही तळवे उजेडात निरखावेत. स्वतःस वाकता येत नसेल तर सुनेने अथवा नातवाने पाहावेत. ही पाद्यपूजाच आहे असे समजावे.

चातुर्मासाचे नेम घेणारच आहोत, तर वांग्याऐवजी चहातील साखर सोडावी. जेवणानंतर लगेच आडवे न होता दहा-पंधरा मिनिटे शतपावली घालावी. रात्रीचे जेवण लवकर उरकावे, पानात आधी भाजी-कोशिंबीर आणि मग भात घ्यावा. नैवेद्याचे ताट देवास पूर्ण दाखवावे, प्रसाद मात्र मुळातच कणभर असतो. "एका लाडवाने काय होते?" असे पाहुण्यास म्हणणे मात्र या चार महिन्यांत गृहिणींनी अवश्य वर्ज्य करावे, कित्येक पथ्ये त्या एका वाक्यानेच मोडली आहेत.

आत्याबाई आता निर्जळी करीत नाहीत. डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन वेळा थोडे थोडे खातात आणि दुपारी बोटास सुई टोचून साखर तपासतात. त्या नोंदींची वही देवघरात, पंचांगाखाली ठेवलेली असते.