टन म्हणजे रोजगार नव्हे: गोव्याच्या खाणपट्ट्यातील काम आणि कमाई

एखाद्या प्रदेशाची मिळकत जमिनीतून निघणाऱ्या एकाच मालावर टेकली, की तिथला रोजगार आणि मजुरी त्या मालाच्या भावाबरोबर वरखाली होऊ लागते. गोव्याचा खाणपट्टा हे याचे जवळचे उदाहरण. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे या तालुक्यांतून लोहखनिज निघते. ते ट्रकने नदीकाठच्या धक्क्यावर येते, बार्जमधून मांडवी आणि झुआरीने मुरगाव बंदराकडे जाते आणि तिथून परदेशी रवाना होते. या खनिजात लोहाचे प्रमाण कमी असल्याने देशातल्या पोलाद कारखान्यांनी ते फारसे घेतले नाही. आधी जपान आणि पुढे चीन हेच त्याचे मोठे गिऱ्हाईक राहिले. सत्तरीतल्या ट्रकचालकाची कमाई ज्या भावावर अवलंबून असते, तो भाव गोव्याबाहेर ठरतो.

या धंद्याचा कायदेशीर इतिहास रोजगाराच्या इतिहासाशी घट्ट जोडलेला आहे. पोर्तुगीज राजवटीने दिलेली खाण-कन्सेशने १९८७च्या कायद्याने रद्द होऊन त्यांचे लीजमध्ये रूपांतर झाले आणि त्या लीजची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली. उत्खनन मात्र चालूच राहिले. २०१०-११ मध्ये निर्यात सुमारे ५.४ कोटी टनांवर पोचली. बेकायदा उत्खननाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४च्या निकालाने २००७ नंतरचे उत्खनन बेकायदा ठरवले आणि वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. त्यानंतर राज्याने ८८ लीजचे नूतनीकरण केले. तेही ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद पडल्या. २०२२च्या अखेरीस पहिल्या चार ब्लॉकचा लिलाव झाला आणि २०२४ मध्ये डिचोलीत काम पुन्हा सुरू झाले.

या सगळ्या चढउतारांत एक मत सतत मांडले गेले आहे. हा पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी समजून घेतला पाहिजे, कारण तो केवळ खाणमालकांचा नाही. हजारो घरांचा तो अनुभव आहे. त्याचे म्हणणे असे: खाणीने आतल्या तालुक्यांना काम दिले, जिथे ना समुद्रकिनारा होता ना कारखाने. शेतात कधी मिळाला नसता असा पैसा ट्रकने मिळवून दिला. खाणी बंद झाल्या तेव्हा घरोघरी हाहाकार झाला, यावरूनच त्यांचे मोल कळते. तेव्हा जितके टन जास्त निघतील, तितका रोजगार जास्त.

यातील पहिले विधान खरे आहे. उरलेल्या तिन्ही विधानांत गफलत आहे आणि तिची किंमत खाणपट्ट्यानेच मोजली आहे.

प्रथम टन आणि रोजगार यांचे नाते पाहावे. सुरुवातीच्या काळात खनिज हाताने फोडले आणि टोपल्यांनी वाहिले जाई; तेव्हा टन वाढले की माणसे वाढत. यंत्रे आल्यावर हे नाते तुटले. आज एक एक्स्कॅव्हेटर काही मिनिटांत ट्रक भरतो. तेजीत जे काम वाढले ते मुख्यत्वे वाहतुकीचे, आणि ते पगारी नोकरीच्या रूपात आलेच नाही. ते कर्जाच्या रूपात आले. खाणपट्ट्यातल्या माणसाला कंपनीने चालक म्हणून नेमले नाही, तर बँकेने त्याला ट्रकमालक केले. त्यामुळे 'खाण-अवलंबित' या एका शब्दाखाली निदान तीन वेगळे वर्ग येतात: कंपनीच्या पटावरचे कायम कामगार, कंत्राटी मजूर आणि ट्रक, बार्ज किंवा यंत्रे बाळगणारे कर्जदार. पहिल्याला पगार आहे, दुसऱ्याला रोज आहे, तिसऱ्याला फक्त खेप आहे.

खेपेचा हिशेब जवळून पाहिला की उच्च कमाईचा दावा तपासता येतो. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा दहा टनांची एक खेप पंधरा किलोमीटर जाते आणि टन-किलोमीटरला दहा रुपये मिळतात. म्हणजे खेपेला १,५०० रुपये. दिवसाला सहा खेपा झाल्या तर ९,००० रुपये हाती येतात. डिझेल, टायर आणि दुरुस्तीत निम्मे गेले तर ४,५०० उरतात. बँकेचा हप्ता, विमा आणि चालकाचा पगार मिळून दिवसाला २,५०० धरले, तर मालकाच्या हाती २,००० रुपये पडतात. ही चांगली कमाई पाहून शेजारीही ट्रक घेतो, त्याचा भाऊही घेतो. टन तेवढेच, ट्रक दुप्पट, म्हणून खेपा तीन. आता ४,५०० रुपये येतात, निम्मे खर्चात जातात, २,२५० उरतात आणि हप्ता, विमा व पगाराचे २,५०० तसेच उभे असतात. खेपा निम्म्या झाल्या, पण कमाई निम्मी न होता २५० रुपयांच्या तोट्यात गेली. त्यात पावसाळ्याचे चार महिने वाहतूक थंड असते. हप्ता थंड होत नाही. २०१४ मध्ये राज्य सरकारला खाण-अवलंबित कर्जदारांसाठी कर्जसवलत योजना आणावी लागली, तिचे मूळ या हिशेबात आहे. तेजीत जिला मजुरी समजले गेले, तिच्यात धोक्याचा मोबदला मोठा होता, आणि तो धोका ट्रकमालकाने एकट्याने उचलला होता.

दुसरी गफलत भावाची. जागतिक बाजारात लोहखनिज २०११च्या आरंभी टनाला १९० डॉलरच्या आसपास होते. २०१५च्या डिसेंबरात ते ४० डॉलरच्या खाली आले. त्याच वर्षी गोव्यात खाणी पुन्हा सुरू होत होत्या. न्यायालयाची परवानगी होती, खनिज होते, ट्रक होते. पण भावच नव्हता. निर्यातकराचेही तसेच. २०११च्या अखेरीस केंद्राने तो ३० टक्क्यांवर नेला, पुढे कमी प्रतीच्या खनिजावरचा उठवला, मे २०२२ मध्ये ५० टक्के केला आणि त्याच नोव्हेंबरात पुन्हा मागे घेतला. हे निर्णय पोलाद उद्योगाच्या आणि महागाईच्या विचाराने झाले. डिचोलीतल्या गॅरेजवाल्याचा विचार त्यांत असणे शक्यही नव्हते. ज्या रोजगाराचा पाया इतक्या दूरच्या हातांत आहे, त्याला स्थिर उपजीविका म्हणता येत नाही.

तिसरी गफलत आजूबाजूच्या धंद्यांबाबत आहे. तेजीत खाणीचा पैसा गावात खेळतो, तेव्हा घरभाडे चढते, मजुरी चढते, आणि ज्या कामाला तो दर परवडत नाही ते काम मागे पडते. अर्थशास्त्रात याला 'डच रोग' म्हणतात. १९५९ मध्ये नेदरलँड्सला ग्रोनिंगेन इथे नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला आणि पुढे तिथले इतर निर्यात उद्योग दुबळे झाले, त्यावरून हे नाव १९७७ मध्ये रूढ झाले. गोव्याच्या आतल्या गावांत याला आणखी एक जोड मिळाली. डंपवरची, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगावरची, माती पहिल्या मोठ्या पावसात ओहोळात उतरते, ओहोळाच्या पाण्याबरोबर भातशेतीत येते आणि लाल गाळाचा थर होऊन बसते. हा थर सुकला की कडक होतो. त्यात रोप तग धरत नाही. खोल खड्ड्यातले पाणी सतत उपसल्याने विहिरी आटतात आणि कुळागरातल्या पोफळींना पाणी पुरत नाही. म्हणजे शेतमजूर जास्त मजुरीच्या ओढीने खाणीकडे गेला हे अर्धेच सत्य आहे. बऱ्याच ठिकाणी शेतच त्याच्याकडून गेले. २०१७ मध्ये सत्तरीतल्या सोनशी गावच्या लोकांनी धूळ आणि पाण्याच्या त्रासाने खनिजाचे ट्रक अडवले आणि त्यांना अटक झाली. मजुरीचा हिशेब करताना या गावाने गमावलेले उत्पन्न कुठल्याच रकान्यात लिहिले जात नाही.

चौथी गफलत भावनेला सर्वांत जवळची आहे: बंदीनंतरचा हाहाकार हीच खाणींच्या उपयोगाची साक्ष. हा हाहाकार खरा होता. उसगाव-तिस्कसारख्या नाक्यांवर खानावळी, टायरची दुकाने आणि गॅरेजे ओस पडली, ट्रक अंगणात गंजले, कामगारांना घरी बसावे लागले. परंतु या हालांनी सिद्ध होते ते अवलंबन. काठीवर सगळा भार टाकून चालणारा माणूस काठी काढताच पडतो. त्यावरून काठीने पायांत बळ आणले असे ठरत नाही. शिवाय बंदी आकाशातून पडली नव्हती. मुदत संपलेल्या लीजवर पाच वर्षे उत्खनन होऊ देणाऱ्या आणि नंतर लिलाव टाळून नूतनीकरण करणाऱ्या कारभाराने कामगाराला दोनदा रस्त्यावर आणले. नियम पाळून, मर्यादेत खाणी चालल्या असत्या तर हा आघात टळला असता.

उलट बाजूचेही एक सोपे मत आहे आणि तेही तितकेच चुकीचे आहे. त्यानुसार खाणी बंद झाल्या तरी राज्याचे फारसे बिघडले नाही. पर्यटनाने भरून काढले. राज्याची सरासरी सावरली म्हणून सांग्याचे घर सावरत नाही. हॉटेलांची कामे किनारपट्टीवर आहेत, त्यांना लागणारे कौशल्य वेगळे आहे, आणि पन्नाशीतल्या ट्रकमालकाचे कर्ज वेटरच्या पगारात फिटत नाही. प्रदेशाच्या आत दोन प्रदेश असतात. रोजगाराचा विचार तालुक्यागणिकच करावा लागतो.

मग उत्तरपक्ष कोणता? त्याचे मूळ तत्त्व हे, की खनिज म्हणजे उत्पन्न नसून भांडवल आहे. ते एकदाच विकता येते. विक्रीचा पैसा दरवर्षी खर्चून टाकला तर घरातले दागिने मोडून रोजचा बाजार करण्यासारखे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये विक्रीमूल्याच्या दहा टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश दिला, तो याच दिशेचा आहे. अलास्काने १९७६ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून तेलाच्या उत्पन्नाचा असा निधी उभारला आणि १९८२ पासून रहिवाशांना त्यातून लाभांश मिळतो. नॉर्वेने १९९० मध्ये कायदा केला आणि १९९६ पासून निधीत पैसे टाकले. मजुरीबाबत नॉर्वेचा धडा अधिक मोलाचा आहे: तिथे वेतनाच्या वाटाघाटी आधी परदेशी स्पर्धा झेलणाऱ्या कारखानदारीत होतात आणि इतर क्षेत्रे त्या मर्यादेला धरून चालतात. तेलाच्या तेजीने साऱ्या देशाची मजुरी ओढून नेऊ नये, याची ही तजवीज आहे.

गोव्याला लागू पडतील असे उपाय यातून निघतात. उत्खननाची मर्यादा तेजीत वाढवू नये. वर्षानुवर्षे टिकणारे थोडे टन चार वर्षांच्या लयलुटीपेक्षा जास्त दिवस काम देतात. ट्रकांची संख्या त्या मर्यादेशी बांधावी आणि वाहतुकीचा दर डिझेलच्या दराशी जोडून अनेक वर्षांच्या लेखी कराराने ठरवावा, म्हणजे भाव पडल्याचा सगळा मार खेपेवर येणार नाही. चालक आणि कंत्राटी मजूर यांना भविष्यनिर्वाह निधी आणि विम्याचे संरक्षण मिळावे. आणि खाणीने जे बिघडवले ते दुरुस्त करणे हाच रोजगार मानावा: ओहोळांतला गाळ उपसणे, डंपांना बांध घालून झाडे लावणे, पाण्याने भरलेले खड्डे सुरक्षित करणे, शेते पुन्हा लागवडीखाली आणणे. या कामाला तेच ट्रक, तीच यंत्रे आणि तेच हात लागतात. खाण कायद्यातील २०१५च्या दुरुस्तीने खाणग्रस्त भागासाठी जिल्हा खनिज निधी निर्माण झालेला आहे. त्याचा पहिला खर्च इथे झाला पाहिजे.

गरजू प्रदेशाला बचत परवडत नाही, असा आक्षेप यावर घेतला जातो. कर्नाटकातल्या कोलार सुवर्णखाणींनी त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी एक तिथे होती, १९०२ मध्ये शिवनसमुद्रची वीज तिथे पोचली होती, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी ती खाण बंद झाली. मागे टाकाऊ मातीचे डोंगर उरले. आज त्या वसाहतींतले लोक पहाटेच्या गाडीने बंगळुरूला कामाला जातात आणि रात्री परततात. सोने होते तोवर बचत नको वाटली. सोने संपल्यावर करायला काही उरले नाही. गोव्याचे खनिजही संपणारच आहे.

म्हणून नवा ब्लॉक सुरू होताना किती टन निघतील याआधी किती माणसांना, किती वर्षे आणि कोणत्या दराने काम मिळेल, हे विचारले पाहिजे. त्याचे उत्तर सभेतल्या आश्वासनात न राहता लीजच्या करारात लिहून घेतले पाहिजे, आणि वाहतुकीच्या दराचे कलम त्यात रॉयल्टीच्या कलमाइतकेच ठळक असले पाहिजे.