वाहन-विवेक : हीटर चालू, तरी वारा कोमट

पौषातील पहाट. माउंट अबूच्या धर्मशाळेतून देलवाड्याकडे निघालेली गाडी. मागे स्नान करून, पूजेची वस्त्रे नेसून बसलेली आजी. पारा शून्याच्या जवळ आलेला. हीटरची कळ लाल टोकापर्यंत फिरविलेली, पंखाही पूर्ण वेगाने चाललेला, तरी जाळीतून येतो तो कोमट वारा. आजी कुडकुडते हे एक. समोरच्या काचेवर बाष्प धरून चालकाला वळणही दिसेनासे होते, हे त्याहून गंभीर. पश्चिम महाराष्ट्रातील एका कापड व्यापारी कुटुंबावर हा प्रसंग आला. दोष मात्र अबूच्या थंडीत निर्माण झालेला नव्हता. तो घरूनच सोबत आला होता.

मोटारीच्या हीटरसाठी निराळी शेगडी नसते. इंजिन थंड राखणारे कूलंट सुमारे ९० अंशांपर्यंत तापते. त्यातील काही भाग डॅशबोर्डामागील एका लहानशा रेडिएटरमधून फिरतो आणि पंख्याचा वारा त्यावरून जाऊन तापतो. म्हणजे वारा कोमट असेल तर एक तर इंजिनच पुरेसे तापत नाही, किंवा तापलेले कूलंट त्या लहान रेडिएटरपर्यंत पोहोचत नाही, किंवा पोहोचलेली ऊब वाऱ्यात उतरत नाही.

आपल्याकडे पहिले कारण फार आढळते, आणि त्याचे मूळ उन्हाळ्यात असते. वैशाखात गाडी तापली की काही कारागीर थर्मोस्टॅटच काढून टाकतात. हा छोटासा झडपेचा भाग इंजिन तापेपर्यंत कूलंटला मोठ्या रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसला की इंजिन नेहमीच अर्धवट थंड राहते. ज्या गावात हीटर लावण्याची वेळच येत नाही, तेथे हे वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही; इंधन मात्र रोज थोडे अधिक जळते. जमाखर्चात न दिसणारी ही गळती व्यापाऱ्याने तरी सहन करू नये. वरील कुटुंबाच्या गाडीतही हेच घडले होते. खूण सोपी आहे : तापमानाचा काटा मध्यापर्यंत चढत नाही, किंवा थंड इंजिनाचा निळा दिवा बराच वेळ विझत नाही, घाट चढताना थोडी ऊब येते आणि उतरताना तीही नाहीशी होते. अडकून उघडा राहिलेला थर्मोस्टॅटही हीच लक्षणे दाखवितो.

काटा ठीक असेल, तर सकाळी इंजिन थंड असताना कूलंटची टाकी पाहावी. पातळी खालच्या रेषेखाली असेल, तर आत हवा शिरलेली असण्याचा संभव आहे. गाडी उभी असता वारा कोमट आणि इंजिनाचा वेग वाढविताच गरम, ही त्याची खूण. केवळ कूलंट ओतून भागत नाही. अडकलेली हवा काढावी लागते आणि कूलंट गेले कोठे हेही शोधावे लागते. डाव्या बाजूची पायपुसणी ओली आणि आत गोडसर वास असेल, तर तो लहान रेडिएटरच गळत आहे असे समजावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. आतील दाबाने उकळते पाणी अंगावर उसळते.

पुढची परीक्षा हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्यांची. गाडी तापल्यावर इंजिन बंद करून, हातात कापड घेऊन त्या चाचपाव्यात. दोन्ही गरम असतील, तर आतील झडप वळत नाही. कळीची तार निसटली असेल किंवा झडप फिरविणारी छोटी मोटर गेली असेल. एक गरम आणि दुसरी कोमट असेल, तर बहुधा लहान रेडिएटर क्षारांनी किंवा गाळाने चोंदला आहे. बोअरचे पाणी ओतत राहिल्याचा हा परिणाम. काही घरांत पिण्यासाठी उकाळलेले पाणीच रेडिएटरला चालेल असे मानतात. उकाळल्याने पाण्यातील क्षारांचा काही भागच खाली बसतो, बाकीचे तसेच राहतात. म्हणून गाडी बनविणाऱ्याने सांगितलेले कूलंट आणि ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे. चोंदलेला रेडिएटर धुऊन मोकळा झाला तर उत्तम. बदलायचा झाल्यास पुष्कळ गाड्यांत सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि वस्तूपेक्षा मजुरी जड होते.

दुरुस्तीत कूलंट काढले जाते, तेव्हा मालकाने गॅरेजात उभे राहिलेले बरे. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि पोटात गेल्यास विषारी. गटाराकाठी साचलेले ते पाणी कुत्री-मांजरे चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. मांजराच्या जिवावर चमचाभरही बेतू शकते. जुने कूलंट बंद डब्यात भरून घ्यावे व अशा द्रवाची विल्हेवाट लावणाऱ्याकडेच सोपवावे. जमिनीवर सांडलेले भुशाने टिपावे, आणि तो भुसाही उघड्यावर टाकू नये.