लाँचर बदला, संसार नको

माइनक्राफ्टचा लाँचर बदलायचा म्हटलं की मॉडवाली मंडळी घाबरतात. शंभर-दीडशे मॉड, हाताने जुळवलेल्या सेटिंग्ज... सगळं गेलं तर?

माझ्या मते ही भीती लाँचर निवडतानाच वाटायला हवी, सोडताना नाही. मल्टीएमसीतून पॉलीएमसी निघाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच्या मालकाने बाकीच्या मेंटेनरना बाहेर काढलं आणि त्यांनी प्रिझम लाँचर काढला. भांडण मोठं झालं, पण खेळणाऱ्यांचं फारसं अडलं नाही. कारण साधं आहे. तिन्हींत प्रत्येक सेटअप म्हणजे एक सरळ फोल्डर, त्यातच मॉड, कॉन्फिग आणि सेव्ह केलेली जगं. तो उचलून नव्या लाँचरच्या 'इन्स्टन्सेस'मध्ये ठेवा. लॉगिन तेवढं नव्याने करा, झालं!

पथ्य एकच: शिफ्टिंगच्या दिवशीच रंगकाम काढू नका. मॉडच्या आवृत्त्या, फोर्ज, जावा आहे तेच राहू द्या. १.१२.२ चा फोर्ज सेटअप मुळात जावा ८ साठीच आहे. एखादा मॉड मागे राहिला आणि फोर्जचा इशारा न वाचताच 'येस' दाबलं, तर त्या मॉडचे ठोकळे जगातून गायब! म्हणून आधी कॉपी करा, ती उघडून बघा, मगच जुनं पुसा.

असो. "माझं जग नक्की कुठल्या फोल्डरमध्ये आहे?" याचं उत्तर ज्या लाँचरमध्ये मिनिटभरात सापडत नाही, तिथे संसार थाटू नये. मॉड पुन्हा डाउनलोड होतात. धाकट्या भावाने रात्र जागून बांधलेला वाकडा पूल होत नाही राव.