‘पाठविले’ म्हणजे ‘पोचले’ नव्हे!

आपल्या कार्यालयांत एक वाक्य असे आहे की ते उच्चारताच सर्व चौकशा थांबतात. ते वाक्य म्हणजे, “सिस्टीममधून मेल गेलेला आहे.” पूर्वी याच जागी “पत्र रवाना केले आहे” हे वाक्य असे. फरक इतकाच की जुन्या वाक्यामागे जावक बारनिशीतील क्रमांक, डाकबहीतील सही आणि टपाल खात्याची पावती असे तीन पुरावे उभे असत. नव्या वाक्यामागे पुष्कळदा पडद्यावरचा एकच शब्द असतो – ‘कम्प्लीटेड’. या एका शब्दाच्या आधारावर आपण नागरिकाची मुदत मोजू लागतो, त्याला दंड करतो, त्याची अनामत जप्त करतो. संगणकाने आपोआप पाठवावयाचे ईमेल जेव्हा पोचत नाहीत तेव्हा तो बिघाड आधी प्रशासकीय असतो, तांत्रिक नंतर, हा माझा या लेखातील मुद्दा आहे. ‘तांत्रिक अडचण’ असा शेरा मारून फाईल बंद करण्याची आपली रीत ही त्या बिघाडाचाच एक भाग आहे.

उदाहरण जवळचेच घेतो. जबलपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या वाटेवर तिलवारा लागते. त्या परिसरातील एका कार्यालयाचे कामकाज तपासण्याचा प्रसंग मला आला होता. कार्यालयाचे नाव सांगत नाही, कारण नाव बदलून हीच हकीकत अन्यत्रही सांगता येईल. तेथे भांडार, खरेदी व देयके यांचे काम एका जुन्या मिडरेंज संगणकावर, म्हणजे एएस/४०० जातीच्या यंत्रावर चाले. ज्या पुरवठादारांच्या देयकांत त्रुटी असतील त्यांना रात्रीच्या वेळी आपोआप ईमेल जाई. पंधरा दिवसांत पूर्तता न केल्यास अनामत रक्कम जप्त, असा नियम होता. एका छोट्या पुरवठादाराची अनामत अशीच जप्त झाली. त्याचे म्हणणे एवढेच की मला पत्र मिळाले नाही. कार्यालयाचे उत्तरही ठरलेले – सिस्टीममधून मेल गेलेला आहे.

मी शोध घ्यावयास सांगितले तेव्हा चार टेबलांवरून चार उत्तरे आली. देयक शाखा म्हणाली, आम्ही यादी वेळेवर दिली. प्रोग्राम सांभाळणारे म्हणाले, रात्रीचा जॉब बिनचूक संपला, लॉग पाहा. नेटवर्कवाले म्हणाले, लाईन एक मिनिटही बंद नव्हती. मेल सर्व्हर पाहणारे म्हणाले, आमच्याकडे त्या यंत्राकडून काही आलेच नाही. चारही उत्तरे खरी होती, आणि ईमेल कोणालाही मिळालेला नव्हता!

हे कसे घडते ते समजण्यासाठी त्या यंत्राचा थोडा इतिहास पाहावा लागेल. आयबीएमने एएस/४०० हे यंत्र २१ जून १९८८ रोजी जाहीर केले. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यातील भागभांडवलाच्या अटी अमान्य झाल्याने ही कंपनी १९७८ मध्ये भारतातून निघून गेली होती. ती १९९२ मध्ये टाटांच्या भागीदारीत परतली. आपल्याकडे या यंत्राचा प्रसार त्यानंतरचा. यंत्र अत्यंत भरवशाचे. नावे बदलत गेली, आज त्याची प्रणाली ‘आयबीएम आय’ म्हणून ओळखली जाते, पण पंचवीस वर्षांपूर्वीचे प्रोग्राम त्यावर आजही चालतात. मात्र या यंत्रातील टपालाची मूळ कल्पना आयबीएमच्या स्वतःच्या वितरण पद्धतीची होती. इंटरनेटची एसएमटीपी पद्धत, जिचा पाया ऑगस्ट १९८२ मध्ये घातला गेला होता, ती या यंत्रात मागाहून जोडली गेली. म्हणून ‘एसएनडीडीएसटी’ ही जुनी आज्ञा वापरून ईमेल पाठविला, तर पाठविणाऱ्याचे नाव यंत्राच्या निर्देशिकेत असावे लागते. पत्र प्रथम यंत्रातील मेल व्यवस्थेच्या स्वाधीन होते, तेथून ते एसएमटीपीच्या जॉबकडे जाते, मग बाहेरच्या किंवा मधल्या रिले सर्व्हरकडे, आणि तेथून शेवटी पत्त्यावरच्या सर्व्हरकडे.

सुज्ञ वाचकांच्या लक्षात आले असेल की प्रोग्रामचे काम पहिल्याच पायरीवर संपते. पत्र आतल्या रांगेत ठेवले की आज्ञा यशस्वी होते आणि लॉगमध्ये ‘कम्प्लीटेड’ उमटते. जावक लिपिकाने पाकीट टपालाच्या पेटीत न टाकता कार्यालयातीलच टोपलीत ठेवावे आणि बारनिशीत ‘रवाना’ लिहावे, तसा हा प्रकार. यंत्र खोटे बोलत नाही. त्याने टोपलीत ठेवल्याचे सांगितले, आपण ते पोचल्याचे ऐकले.

त्या कार्यालयात पायरीपायरीने तपास केला तेव्हा तीन गोष्टी आढळल्या. पहिली, एकदा वीज गेल्यानंतर यंत्र पुन्हा सुरू केले तेव्हा एसएमटीपी सेवा सुरू झालीच नव्हती, कारण ती आपोआप सुरू व्हावी अशी सूचना यंत्राला कधी दिलेली नव्हती. ती आजवर कोणीतरी हाताने सुरू करीत असे, आणि त्या ‘कोणीतरी’ची बदली झाली होती. दुसरी, सेवा सुरू केल्यावर रांगेतील पत्रे निघाली, पण त्यांतील बरीच समोरच्या सर्व्हरने नाकारून परत पाठविली. परत आलेले पत्र पाकिटावरील प्रेषकाच्या पत्त्यावर जाते हा नियम. येथे प्रेषक म्हणून नोंदलेली व्यक्ती काही वर्षांपूर्वी निवृत्त झालेली होती, आणि तिची मेलपेटी उघडणारे कोणी नव्हते! तिसरी, कोणते पत्र केव्हा निघाले आणि समोरून काय उत्तर आले याची नोंद हे यंत्र ‘क्यूझेडएमएफ’ नावाच्या जर्नलमध्ये ठेवू शकते. ती नोंदणी बंद होती.

यात यंत्राचा दोष कोठे आहे? सुरू करण्याची जबाबदारी कोणाची हे न ठरविणे, निवृत्त माणसाच्या नावे काम चालू ठेवणे आणि नोंदवही न ठेवणे, हे तिन्ही दोष कोणत्याही तालुका कचेरीच्या दप्तर तपासणीत सापडतात तेच आहेत. तरीही त्या कार्यालयातील पहिला प्रस्ताव होता नवा सर्व्हर खरेदी करण्याचा. यंत्र बदलल्याने हे दोष जाणार नाहीत, नव्या यंत्रावर ते नव्या गणवेशात हजर होतील.

“काल चालत होते, आम्ही काही बदललेले नाही” हे वाक्यही अशा वेळी हमखास ऐकू येते. ते खरे असते आणि निरुपयोगीही, कारण आपण बदललो नाही तरी बाहेरचे जग बदलते. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने ईमेल पाठविणाऱ्यांसाठी प्रेषकाची ओळख पटविणाऱ्या नोंदी सक्तीच्या केल्या. ज्या डोमेनच्या नावे पत्र जाते त्याच्या नोंदीत आपल्या सर्व्हरचा समावेश नसेल तर पत्र नाकारले जाऊ शकते किंवा नको असलेल्या पत्रांच्या ढिगात पडते. जुन्या यंत्रावरील जुनी आवृत्ती आजची सांकेतिक सुरक्षा पद्धत बोलू शकत नसेल तर समोरचा सर्व्हर संभाषणच तोडतो. यांतील कोणतीही गोष्ट रात्रीच्या जॉबच्या लॉगमध्ये दिसत नाही.

कायदा या बाबतीत आपल्या प्रशासनापेक्षा पुढे आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम १३ सांगते की इलेक्ट्रॉनिक अभिलेख प्रेषकाच्या नियंत्रणाबाहेरील संगणक साधनात प्रवेश करतो तेव्हा तो रवाना झाला असे समजावे. म्हणजे आपल्याच यंत्राच्या रांगेत पडून असलेले पत्र कायद्याच्या दृष्टीने निघालेलेच नाही. ही केवळ पुस्तकी चर्चा नव्हे. १ एप्रिल २०२१ पासून आयकराच्या फेरआकारणीची पद्धत बदलली, आणि आदल्या दिवसाची तारीख असलेल्या अनेक नोटिसांवरून वाद न्यायालयांत गेले. अलाहाबाद उच्च न्यायालयापुढील दाउजी आभूषण भंडार प्रकरणात नोटिशीवर डिजिटल सही ३१ मार्चची होती आणि ईमेल गेला होता ६ एप्रिलला. मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने नोटीस मुदतबाह्य ठरविली. सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सुमन जीत अगरवाल प्रकरणात अशा अनेक याचिकांचा एकत्रित विचार केला, आणि प्रणालीवर नोटीस तयार होणे म्हणजे ती जारी होणे नव्हे असे स्पष्ट केले. अधिकाऱ्याने आपले काम केले, पुढचा विलंब संगणक प्रणालीचा, हा बचाव टिकला नाही, कारण ती प्रणालीही खात्याचीच.

यावर आमचे काही सहकारी १८९७ च्या सामान्य खंड अधिनियमाचे कलम २७ पुढे करतात. योग्य पत्ता लिहून, पुरेसे तिकीट लावून नोंदणीकृत टपालाने पत्र टाकले की ते पोचले असे गृहीत धरले जाते, मग ईमेललाच वेगळा न्याय का? उत्तर सोपे आहे. एक तर ते गृहीतक उलट सिद्ध होईपर्यंतच टिकते. दुसरे, त्यामागे टपाल खात्यासारखा त्रयस्थ साक्षीदार होता. पावती देणारा आणि पत्र लिहिणारा वेगळे होते. ईमेलच्या बाबतीत आपण स्वतःच पत्र लिहितो, स्वतःच्याच यंत्राकडून दाखला घेतो आणि तो नागरिकाविरुद्ध वापरतो. आरोपीनेच पंचनामा करावा असे हे आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. हजारो ईमेल जातात, प्रत्येकाची पोच कोण पाहणार? अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हा आक्षेप फार कच्चा वाटतो. गुइडो कॅलाब्रेसी यांनी १९७० साली अपघातांच्या खर्चाविषयी मांडलेले तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते – जो सर्वांत कमी खर्चात नुकसान टाळू शकतो त्याच्यावर जबाबदारी टाकावी. परत आलेल्या पत्रांची यादी रोज सकाळी पाहण्यास एका लिपिकाला अर्धा तास पुरतो. न आलेल्या पत्राचा शोध नागरिकाने कोठे आणि कसा घ्यावा? जे आलेच नाही त्याची चौकशी करण्याचे त्याला सुचणार तरी कसे? नागरिकाने रोज पोर्टल उघडून पाहावे ही सूचनाही तशीच. मार्च २०२४ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने आयकराच्याच एका प्रकरणात पोर्टलवर नोटीस ठेवणे ही बजावणी मानण्यास नकार दिला. आज चुकलेल्या ईमेलचा सर्व खर्च नागरिक भरतो, कार्यालयाला एक रुपयाही पडत नाही. ज्या चुकीचा भुर्दंड दुसऱ्यावर पडतो ती चूक सुधारण्याची घाई कोणाला असणार?

तिलवारा घाट हा बरगी धरणाच्या खालच्या अंगाला आहे. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडावयाचे असतात तेव्हा नर्मदेच्या घाटांवरील लोकांना सावध केले जाते. त्या वेळी कोणी असे म्हणत नाही की इशारा रांगेत ठेवला होता. घाटावरची माणसे हटली की नाही हे डोळ्यांनी पाहिले जाते. पाण्याला पोच लागते, मग मुदतीला आणि दंडाला का लागू नये?

माझ्या सूचना पुढीलप्रमाणे आहेत. यांतील एकीसाठीही निविदा काढावी लागत नाही.

१. आपोआप जाणाऱ्या प्रत्येक ईमेलची जावक नोंद असावी – निघाल्याची वेळ, समोरच्या सर्व्हरने दिलेले उत्तर, त्याची वेळ. यंत्रातील जर्नल चालू ठेवावा आणि अपिलाची मुदत संपेपर्यंत जपावा.

२. एसएमटीपीमध्ये ‘२५०’ हा आकडा स्वीकाराचा, चारने सुरू होणारे आकडे तात्पुरत्या नकाराचे आणि पाचने सुरू होणारे कायमच्या नकाराचे असतात. नागरिकाची मुदत त्याच्या सर्व्हरने ‘२५०’ दिल्यापासून मोजावी. आपल्याच रिले सर्व्हरचा ‘२५०’ ही पोच नव्हे.

३. परत येणारी पत्रे व्यक्तीच्या नव्हे, पदाच्या नावे असलेल्या मेलपेटीत यावीत आणि ती रोज उघडणारा कर्मचारी लेखी आदेशाने नेमलेला असावा. परत आलेल्या प्रत्येक पत्रासाठी त्याच दिवशी कागदी पत्र जावे आणि मुदत नव्याने सुरू व्हावी.

४. रोज पहाटे बाहेरच्या एका पत्त्यावर चाचणीचा ईमेल जावा. दहा वाजेपर्यंत तो न दिसल्यास शोध सुरू व्हावा. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले तर ही चाचणी लगेच घ्यावी.

५. पदभार सोडताना किल्ल्या आणि शिक्के दिले जातात, तशी आपल्या नावे चालणाऱ्या जॉबची यादीही द्यावी.

६. जप्ती, दंड किंवा नोंदणी रद्द करण्याचा आदेश काढण्यापूर्वी, ईमेल स्वीकारला गेल्याची नोंद मी स्वतः पाहिली, असे अधिकाऱ्याने फाईलवर लिहावे.

या सहाव्या सूचनेला सर्वांत जास्त विरोध होईल हे मला ठाऊक आहे, कारण तीत ‘सिस्टीम’ या निनावी कर्त्याच्या जागी एका माणसाची सही येते. पण शासन म्हणजे अखेरीस सहीच. यंत्राला पगार नाही, पद नाही आणि चौकशीही नाही, म्हणून नागरिकाचे नुकसान करण्याचा अधिकारही त्याला असू नये. आपल्यापैकी किती कार्यालयप्रमुख उद्या सकाळी जाऊन विचारतील की आपली परत आलेली पत्रे कोणाच्या मेलपेटीत पडतात?