ट्रॅक्टर केवढा घ्यावा?

बी. कॉम., द्वितीय वर्ष

आमच्या निपाणी भागात ट्रॅक्टर घ्यायचा म्हटले की चर्चा रंगावरून सुरू होते. लाल घ्यावा की निळा, अमक्याने कोणता घेतला, पूजेला कुणाला बोलवायचे. केवढा घ्यावा, हा प्रश्न बहुधा कुणी विचारतच नाही. कारण उत्तर आधीच ठरलेले असते. शेजाऱ्याच्यापेक्षा लहान नको! त्यामुळे तीन एकरवाल्याच्या दारात पन्नास अश्वशक्तीचा आणि तेरा एकरवाल्याच्या दारातही पन्नासचाच. याच बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घ्यायला धजत नव्हते. शंभर-सव्वाशे वर्षांत आपण अगदी दुसऱ्या टोकाला आलो. आता जितके लोखंड जास्त तितकी शेती चांगली, असा समज झाला आहे.

हा प्रश्न माझ्या घरचाही आहे. आमची जमीन तीन एकर, आणि तीही तीन ठिकाणी. एक तुकडा माळावर, दोन वेदगंगेकाठच्या मळीत. आप्पांना पन्नासचा ट्रॅक्टर हवा आहे. तात्यांना कर्जाचे नाव नको आहे, ते म्हणतात भाड्याने चालले आहे ते चालू दे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हापासून आप्पांच्या म्हणण्याला जोर चढला आहे. माझे मत दोघांच्याहून निराळे आहे आणि ते हिशेबाने मांडता येण्यासारखे आहे, म्हणून येथे मांडतो.

समजा, पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आठ लाखांना पडला आणि दहा वर्षांनी तीन लाखांना गेला. सरळ रेषा पद्धतीने वर्षाचा घसारा पन्नास हजार. सरासरी साडेपाच लाख रुपये त्यात अडकून राहिले. दहा टक्क्यांनी त्यांचे व्याज पंचावन्न हजार. विमा, शेड वगैरे दहा हजार धरा. एकूण १,१५,००० रुपये. यात डिझेलचा थेंब नाही, ड्रायव्हरचा पगार नाही. ट्रॅक्टर वर्षभर ताडपत्री घालून दारात उभा केला तरी हा खर्च होतच राहतो. तीन एकरांवर वाटला तर एकरी ३८ हजारांच्या वर जातो.

आता हेच उसात मोजू. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यात गुर्लापूर क्रॉसला ऊसदरासाठी शेतकरी रस्त्यावर बसले, आणि टनाला ३,३०० रुपयांवर गोष्ट आली. त्या दराने एकरी साडेअकरा टनांहून अधिक ऊस नुसता उभ्या ट्रॅक्टरला जातो. चार लाखांचा छोटा ट्रॅक्टर घेतला, तो दहा वर्षांनी लाखाला गेला, तर त्याच रीतीने वर्षाचा स्थिर खर्च साठ हजार येतो. म्हणजे एकरी सहा टन. हाच छोटा ट्रॅक्टर आमच्यासारख्या तीन घरांनी मिळून नऊ एकरांवर चालवला, तर एकरी दोन टन.

१९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन केले, त्यात गोळीबार होऊन शेतकरी मेले. उत्पादन खर्च धरून भाव द्या, ही शेतकरी संघटनेची मागणी होती. भाव मिळवायला रस्त्यावर यावे लागते. पण त्या खर्चातला सगळ्यात मोठा आकडा आपण पेढे वाटून घरी आणतो, याकडे मात्र आपले लक्ष नसते.

माझा हिशेब ऐकून आप्पा म्हणाले, "कागदावरचा ट्रॅक्टर चिखलात रुतत न्हाई, बाबा." हे खरे आहे. म्हणून पैसे बाजूला ठेवून शेतात जाऊ.

आमच्या मळीतला एक तुकडा दहा गुंठ्यांचा आहे. भाऊहिश्श्यात उभी वाटणी झाल्यामुळे तो तेहतीस फूट रुंद आणि तीनशे तीस फूट लांब अशी पट्टी होऊन बसला आहे. अशा पट्ट्या आपल्या भागात गावोगाव आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातले सरासरी धारणक्षेत्रच १.०८ हेक्टर निघाले. या पट्टीत मोठा ट्रॅक्टर रोटाव्हेटरसकट वळवायला दोन्ही टोकांना पंधरा-पंधरा फूट तरी सोडावे लागतात. तीनशे तीस फुटांतले तीस गेले. नाहीतर शेजाऱ्याच्या बांधावरून चाक न्यावे लागते, आणि मग त्याचा खर्च निपाणीच्या कोर्टात होतो! तेथपर्यंत पोचणारी पाणंद तर एवढी अरुंद, की मोठा ट्रॅक्टर समोरून आला तर बैलगाडीवाल्याने उसात शिरावे.

उसाची सरी आमच्याकडे पूर्वी तीन फुटांची असे, आता बरेचजण चार-साडेचार फुटांची सोडतात. पन्नासच्या ट्रॅक्टरची रुंदी साडेपाच-सहा फुटांच्या आसपास असते, वजन दोन टनांच्या घरात. नांगरट करावी, सऱ्या सोडाव्यात, की त्याचे शेतातले काम संपले. लावण उगवल्यावर बाळबांधणी, भरणी, तण मारणे ही कामे त्याला जमत नाहीत, आणि उसात खरे कष्ट त्याच कामांचे असतात. पंधरा अश्वशक्तीचे अरुंद ट्रॅक्टर तीन फुटांच्या आत बसतात, वजनाला आठशे किलोंच्या आसपास. चार फुटी सरीतून ऊस लहान असेपर्यंत ते जातात. बेळगावकडे येळ्ळूर, शहापूरच्या शिवारात भाताच्या चिखलणीलाही हलके यंत्रच बरे पडते. जड ट्रॅक्टर काळ्या चिखलात खोल जातो आणि खालचा घट्ट थर फोडतो. मग खाचरात पाणी टिकत नाही.

छोट्या ट्रॅक्टरची मर्यादाही सांगितली पाहिजे. काळ्या रानात खोल नांगरट त्याच्या आवाक्यातली नाही. पंधरा अश्वशक्तीला साधारण तीन फुटी रोटाव्हेटर ओढवतो, चोवीस-पंचवीसला चार फुटी. शिवाय इंजिनाची सगळी ताकद मागच्या पीटीओच्या दांड्यापर्यंत पोचत नाही, वाटेतच पाचवा-सहावा हिस्सा जातो. दुकानातला मोठा आकडा ऐकताना हे ध्यानात ठेवावे. मला विचाराल तर चार फुटी सरीला वीस-पंचवीसच्या दरम्यानचा बरा, मात्र त्याची बाहेरून बाहेर रुंदी सरीत बसते का, हे स्वतः टेप लावून पाहावे. खोल नांगरट लावणीच्या वर्षीच लागते, खोडव्याला लागत नाही. तेवढ्यापुरता मोठा ट्रॅक्टर भाड्याने बोलवावा. होबळी पातळीवर सरकारने २०१४-१५ पासून कृषी यंत्रधारे केंद्रे काढली, तीही पाहावीत. आणि अनुदानात काय बसते याची चौकशी आधी रयत संपर्क केंद्रात करावी, दुकानात नव्हे.

"मग ट्रॉली कोण ओढणार?" हा आप्पांचा हुकमी प्रश्न. मोठ्या ट्रॅक्टरमागचे खरे कारण तेच आहे, दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याला ऊस नेणे. त्यात पैसा आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो शेतीचा खर्च नव्हे, तो वाहतुकीचा धंदा आहे आणि त्याचा खाते-उतारा वेगळा मांडला पाहिजे. त्या धंद्यात तोडणी टोळीला उचल द्यावी लागते, आणि मुकादम उचल घेऊन पळाला तर ट्रॅक्टरवाल्याच्या घराला कुलूप लागायची वेळ येते. असे या भागात कितीतरी जणांचे झाले आहे. ज्याला हा धंदा करायचा आहे त्याने जरूर पन्नासचा घ्यावा. बँकाही पूर्वापार हेच पाहत आल्या आहेत की बारमाही पाण्याची आठ एकर जमीन आहे का, वर्षाला हजार तास काम निघेल का. तीन एकरांत हजार तास कुठून काढायचे?

तात्यांचे भाड्याचे म्हणणे मला पटत नाही ते एका कारणाने, ते म्हणजे वाफसा. पाऊस उघडल्यावर रान घातीला येते ते दोन-तीन दिवस, आणि साऱ्या गावाचे एकदमच. भाड्याचा ट्रॅक्टर आधी मोठ्या रानात जातो. दहा गुंठेवाल्याचा नंबर लागेपर्यंत ढेकळे दगडासारखी होतात. छोटा का होईना, हाताशी ट्रॅक्टर हवा तो यासाठी.

मग तीन घरांत एक ट्रॅक्टर असेल तर वाफशाला भांडणे होणार नाहीत का? होतील. पण माळरान आधी वाळते, मळी चार दिवसांनी. ज्या घरांची जमीन निरनिराळ्या ठिकाणी आहे अशांनी एकत्र यावे, म्हणजे पाळी आपोआप लागते. आपल्याकडे बैलांचा पैरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. माझे कन्नड मित्र त्याला मुय्यी म्हणतात, आणि त्यांच्याही गावात तो चालायचा. एकाचा एक बैल, दुसऱ्याचा दुसरा, आणि औत दोघांचे. तेव्हा लेखी काही नसे. आता मात्र डिझेल, दुरुस्ती आणि तासांची वही ठेवावी, आणि ट्रॅक्टर एकाच्या नावावर असला तर बाकीच्यांचा वाटा स्टॅम्पवर लिहून घ्यावा.

पाडव्याला, म्हणजेच युगादीला, गावात नवे ट्रॅक्टर येतील. आमच्या घरी अजून ठरलेले नाही. पन्नासच्या ट्रॅक्टरचे कोटेशन खुंटीला लावलेले आहे. तात्यांनी परवा मात्र आपणहून टेप मागितला आणि पाणंदीची रुंदी मोजून आले. सगळ्यात अरुंद ठिकाणी ती सात फूट दोन इंच भरली.