माज कोणी दिला?

रायपूर-दुर्ग रस्त्यावर कुम्हारीच्या टोलनाक्यावरच्या यंत्राला माणूस कळत नाही. मोटार, जीप, व्हॅन असा त्याचा एकच वर्ग. त्यात पाऊण टनाची अल्टोही बसते आणि दोन टनांच्या वर भरणारी फॉर्च्युनरही. दोघींच्या फास्टॅगमधून सारखेच पैसे कापले जातात, दांडाही सारखाच वर होतो. फरक पडतो तो नाका ओलांडल्यावर. फॉर्च्युनरने मागून एकदा दिवे मिचकावले की अल्टो मुकाट डावीकडे सरकते, मोटारसायकलवाला डांबर सोडून मातीत उतरतो, आणि अल्टोवाला बायकोला म्हणतो, "बघितलास माज?"

माज होता हे मला मान्य आहे. पण तो सगळा त्या गाडीत होता, हे मान्य नाही.

आपल्या लोकांत यावर ठरलेलं मत आहे. भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरात राहून, स्कूटरने ड्यूटीला जाऊन ज्यांनी पोलाद कारखान्यात आयुष्य काढलं, त्या मराठी घरांत तर ते जवळजवळ संस्कारासारखं आहे. एवढी मोठी गाडी घेणारा एक तर पुढारी, नाही तर ठेकेदार, नाही तर दोघांचा भाचा. सरळ माणसाला एवढी गाडी लागतेच कशाला?

हे मत ऐकायला बरं वाटतं, कारण त्यात आपण आपोआप सरळ ठरतो. पण ते टिकत नाही. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी मोटारमालकांच्या स्वभावांची पाहणी करून 2020 मध्ये निष्कर्ष मांडले. महागड्या प्रतिष्ठित गाड्यांकडे हेकट, भांडखोर, स्वतःपुरतं पाहणारे पुरुष जास्त ओढले जातात, हे त्यांना आढळलं, आणि वर्तमानपत्रांनी तेवढंच उचललं. दुसरा निष्कर्ष मागे राहिला: अतिशय शिस्तशीर, जबाबदार माणसांनाही, बायका आणि पुरुष दोघांनाही, त्याच गाड्यांची ओढ असते. म्हणजे काचेआड कोण बसलंय हे गाडीवरून सांगता येत नाही. आपलंच पाहा. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंत्यांचा जीव ज्या पोर्शेने घेतला, ती मुळात एसयूव्ही नव्हतीच; बुटकी, विजेवर चालणारी मोटार होती. अल्पवयीन आरोपीला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, त्याला गाडीचा आकार जबाबदार नव्हता.

आणि या मतात एक लबाडीही आहे. पुण्याच्या आसपास जमीन विकून स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर घेणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला आपण 'गुंठामंत्री' म्हणून हसलो. अमेरिकेहून परतलेल्या चिरंजीवांनी कोथरूडच्या सोसायटीत तेवढीच अगडबंब जर्मन गाडी आणून लावली, तर ते कर्तृत्व. एकाने बापाची जमीन विकली, दुसऱ्याने बापाने भरलेल्या फीच्या जोरावर नोकरी मिळवली. माज म्हणायचा तर दोघांचा म्हणा. नाही तर आपल्याला गाडी खटकत नाही, गाडीतून उतरणारा खटकतो, हे कबूल करा.

आता दुसऱ्या बाजूकडे येऊ. मालकांची बाजू याहूनही पोकळ आहे. रस्ते खराब म्हणून मोठी गाडी, असं ते सांगतात. रायपूर ते दुर्ग हा रस्ता चौपदरी महामार्ग आहे. त्यावर बैलगाडीलाही धक्का बसायचा नाही. खरोखर वाईट वाटा आहेत त्या बस्तरमध्ये, आणि तिथे वर्षानुवर्षं धावते ती साधी बोलेरो. तिच्या बळावर कुणी लग्नात मिरवत नाही. सुरक्षितता म्हणाल तर आतल्यांची. बाहेरच्याचं काय? अमेरिकेत महामार्ग सुरक्षेवर काम करणाऱ्या विमा कंपन्यांच्या संस्थेने 2023 मध्ये दाखवून दिलं की बॉनेटची कड 40 इंचांच्या वर असलेल्या गाडीची धडक पायी चालणाऱ्याला बसली, तर तो दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या मोटारीपेक्षा सुमारे 45 टक्क्यांनी जास्त असते. कुम्हारीच्या उड्डाणपुलाखाली बाजाराच्या वेळी अशी गाडी उभी असेल तर जवळ जाऊन पाहा. बॉनेट मोठ्या माणसाच्या छातीला लागतं. पाच वर्षांचं पोर त्याला खेटून उभं राहिलं तर चालकाच्या जागेवरून त्याची शेंडीही दिसणार नाही. आत बसलेला माणूस संत असला तरी दिसणार नाही.

राहिला खरा प्रश्न: एवढं सगळं असून या गाड्यांचा रुबाब टिकतो कसा? 1968 साली अँथनी डूब आणि ॲलन ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात केलेला एक खोडकर प्रयोग प्रसिद्ध झाला. सिग्नल हिरवा झाला तरी पुढची गाडी मुद्दाम हलवायची नाही, आणि मागचा हॉर्न कधी मारतो ते मोजायचं. पुढे जुनाट, गंजकी गाडी असली तर 84 टक्के लोकांनी हॉर्न मारला; चकचकीत महागडी असली तर फक्त 50 टक्क्यांनी. गंमत पुढेच आहे. हाच प्रसंग विद्यार्थ्यांना नुसता कागदावर विचारला, तर मुलगे म्हणाले, श्रीमंताच्या गाडीला आम्ही लवकर हॉर्न मारू! तोंडाने शिव्या आणि हाताने सलाम. आपल्या अल्टोवाल्याचं यापेक्षा वेगळं काय आहे?

1 मे 2017 पासून देशात लाल दिव्यांची चैन संपली. दिवा गेला, पण त्याला वाट द्यायची आपली सवय गेली नाही. ती मोकळी झाली आणि पांढऱ्या-काळ्या फॉर्च्युनरच्या पायाशी जाऊन बसली. काचांवर काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच बंदी घातली, तरी ती काच खाली करायला सांगताना शिपायाचा आवाज का उतरतो? जुलै 2025 मध्ये बिलासपूर-रतनपूर मार्गावर काही तरुणांनी नव्याकोऱ्या फॉर्च्युनर उभ्या करून राष्ट्रीय महामार्ग अडवला आणि रील काढलं. सुरुवातीला दंडाच्या पावत्यांवर भागलं. छत्तीसगड उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन कान उपटले, तेव्हा हालचाल झाली. स्कुटीवाल्या पोरांनी हा रस्ता अडवला असता तर न्यायालयाला कष्ट पडले नसते. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याजवळच्या एका सुनेच्या मृत्यूने महाराष्ट्र हादरला. तिच्या लग्नात 51 तोळे सोनं आणि फॉर्च्युनर दिल्याचं माहेरच्यांनी सांगितलं. किल्ली देण्याचा कार्यक्रम नेत्याच्या हस्ते झाला होता. मांडवातले पाहुणे तेव्हा टाळ्याच वाजवत होते.

म्हणून माझं म्हणणं असं: माणसाच्या चारित्र्याचा पंचनामा त्याच्या गाडीवरून करू नका, आणि गाडीच्या आकाराला सूटही देऊ नका. स्वभाव मोजता येत नाही, वजन मोजता येतं. पॅरिसच्या नागरिकांनी फेब्रुवारी 2024 मध्ये मत देऊन हेच केलं. बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांना पार्किंगचा दर तिप्पट झाला, मध्यवर्ती भागात तासाला 18 युरो. कुणाला माजोरडा म्हटलं नाही, फक्त वजनकाट्यावर चढवलं. मोठ्या गाडीवर आम्ही आधीच भरभक्कम कर भरला आहे, असं आपल्याकडचा मालक म्हणेल. खरं आहे, पण तो गाडी विकत घेताना एकदा भरला. रस्ता तो रोज वापरतो. नाक्यावर ट्रकला त्याच्या आसांच्या संख्येप्रमाणे टोल लागतोच. मग दोन टनांच्या मोटारीसाठी वेगळा वर्ग पाडला तर फास्टॅगच्या यंत्राला काय जड जाणार आहे?

मालक यावरही हसेल आणि म्हणेल, "भरू की, आम्हाला परवडतं." भरू द्या. उड्डाणपुलाखालून भाजीची पाटी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या बायकांसाठी आधी दिवे आणि पट्टे करून घ्या, त्या पैशातून.